दोन ठिपक्यांची जागा

पापांचं पेआ, म्हणजे अंगावरचं पारंपरिक गोंदण, मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांना आंघोळ घालताना.

दक्षिण ऑकलंडमधल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. तिथल्या सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेल्या, आजोबांना आम्ही सगळेच ‘पापा’ म्हणतो. हे पापा ऐंशीच्या पुढचे, स्मृतिभ्रंशामुळे घरची माणसंही ओळखेनासे झालेले. आंघोळीचं काम एरवी दुसऱ्या मुली करतात, पण त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून मी गेले. कमरेची लावालावा सोडली (आपली लुंगीच ती, फक्त फुलाफुलांची) आणि स्पंज हातातच राहिला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळ्यानिळ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये कोऱ्या कातडीच्या बारीक रेघा सोडलेल्या. आत आणखी एक वस्त्र नेसलेत असंच वाटत होतं. मांडीची कातडी लोंबायला लागली होती, नक्षी मात्र जागच्या जागी. मी त्यावरून स्पंज फिरवला तसे पापा कठड्याचा हात सोडून ताठ उभे राहिले, माझ्याकडे बघून म्हणाले, “ओ आई?”

मला वाटलं, आईला हाक मारतायत. गलबलून आलं. नंतर माझी सामोअन जोडीदारीण पोट धरून हसली. त्यांच्या भाषेत ‘ओ आई’ म्हणजे ‘कोण?’. तू कोण, कुणाची, एवढंच विचारत होते ते. त्यानंतर रोज विचारायचे. मी रोज नाव सांगायची आणि ते रोज विसरायचे.

त्यांचं ते अंग बघून मला माझी आजी आठवली. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव दाभोळच्या खाडीला लागून आहे. आजीच्या डाव्या हातावर कोपराखाली तुळस, मग एक विंचू की काय ते, आणि मनगटाशी ठिपके. लहानपणी मी त्या हिरव्या ठिपक्यांवर थुंकी लावून घासून बघितलं होतं, जातात का. आजी 2020च्या मे महिन्यात गेली. न्यूझीलंडच्या सीमा मार्चमध्येच बंद झाल्या होत्या आणि माझा व्हिसा तात्पुरता, म्हणजे गेले असते तर परत येता आलं नसतं. तसं विमानही नव्हतंच. फोन समोर धरून बसले होते, दुसरं काय करणार.

पुढे दोन वर्षांनी मनात आलं की हातावर काहीतरी गोंदून घ्यावं. आजीचं म्हणून, या देशाचं म्हणून, मधल्या सगळ्याचं म्हणून. ऑकलंडमध्ये राहायचं तर डोळ्यांसमोर पॅसिफिकची नक्षी सतत असते. बसमध्ये, ओटाराच्या शनिवारच्या बाजारात, सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पोटरीवर. मी इंटरनेटवर बसून रीतसर यादी केली. कासव म्हणजे कुटुंब. शार्कचे दात म्हणजे संरक्षण. भाल्याचं टोक म्हणजे लढवय्येपणा. लाटा म्हणजे प्रवास. छोटी माणसं म्हणजे पूर्वज. दहा-बारा चिन्हं निवडली, प्रिंट काढली. माझं आयुष्य एका ए-फोर कागदावर व्यवस्थित बसलं होतं.

जोडीदारणीच्या ओळखीने एका कारागिराकडे गेले. त्याला मी एकदा ‘तुफुंगा’ म्हटलं तर त्याने हात वर करून थांबवलं. गोंदणाऱ्या उस्तादाचा तो मान आहे, ठराविक घराण्यांमधून मिळतो. “मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. त्यांनी परवानगी दिलीय तेवढंच करतो.” (लिहितात ‘जी’, उच्चार मात्र ‘ंग’. मी दोन महिने ‘तुफुगा’ म्हणत होते, कुणी चुकीचं आहे म्हणून सांगितलं नाही.)

माझा कागद त्याने शांतपणे वाचला. मग पेन घेऊन एकेका चित्रासमोर बेटाचं नाव लिहीत गेला. ही छोटी माणसं मार्केससची. हा गोल वळसा माओरींचा. हे कासव बहुतेक हवाईच्या टी-शर्टवरचं. “तुझ्या हातावर चार देश भांडत बसतील,” म्हणाला.

त्या दुपारी त्याने मला जे सांगितलं ते मला आधी ठाऊक असायला हवं होतं. ‘टॅटू’ शब्द ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरून युरोपात गेला. 1769मध्ये ते ताहितीला थांबलं होतं आणि तिथल्या माणसांच्या अंगावर ‘ताताऊ’ होतं. पुढे त्याच ताहितीत मिशनरी आले, राजा पोमारे ख्रिस्ती झाला आणि 1819च्या त्याच्या कायद्याने ताताऊ गुन्हा ठरलं. मार्केससमध्ये तर इतकं पुसलं गेलं की तिथल्या पुढच्या पिढ्यांना आपलीच नक्षी एका जर्मन अभ्यासकाच्या पुस्तकातून परत शिकावी लागली. कार्ल फॉन डेन स्टायनेन 1897-98मध्ये त्या बेटांवर जाऊन म्हाताऱ्यांच्या अंगावरची चित्रं उतरवून आला होता. सामोआतही मिशनरी होतेच, पण तिथे हात थांबला नाही. गुरूकडून शिष्याकडे जात राहिला. “म्हणून आम्ही जरा चिकट आहोत,” तो म्हणाला. “तुटलं नाही ते सांभाळावं लागतं.”

मी भीतभीत विचारलं की ‘मालू’तला तो चौकोनी आकार हातावर चालेल का. मालू म्हणजे बायकांचं गोंदण, मांड्यांपासून गुडघ्यापर्यंत, आणि गुडघ्यामागे तो आकार असतो, त्यालाच मालू म्हणतात. तो एकदम गंभीर झाला. नाही म्हणाला. ते घराण्याच्या लेकींचं आहे, आणि ते घेणारीने कुटुंबाच्या सेवेला उभं राहायचं असतं, नुसतं मिरवायचं नसतं. 2013मध्ये नायकीने पेआची नक्षी बायकांच्या व्यायामाच्या विजारींवर छापली होती. पुरुषांचं पवित्र अंगवस्त्र, तेही बायकांच्या चड्डीवर. लोक खवळले, कंपनीने माल मागे घेतला. पण मग बाहेरच्याला काहीच नाही का, असं मी विचारलं. तर तसंही नाही. टोनी फोमिसन नावाच्या इथल्या गोऱ्या चित्रकाराने 1979मध्ये अख्खं पेआ घेतलं होतं, गोंदणाऱ्या सुलुआपे घराण्यातल्या पावलोंकडून. “तो आमच्या लोकांमध्ये येऊन बसायचा. तू आत्ता अर्धा तास बसलीयेस.”

मला राग आला, खरं सांगते. कागदाची घडी घालून उठणार होते. तेवढ्यात त्याने विचारलं, “तुझ्या लोकांत गोंदत नाहीत?”

मग मी आजीचा हात सांगितला. तो ऐकत होता आणि मध्येमध्ये असे प्रश्न विचारत होता ज्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. कुणी गोंदलं? किती वर्षांची होती? तिला कुणी धरून बसलं होतं? विंचूच का? ठिपके किती? मनगटाच्या आत की बाहेर? शेवटी म्हणाला, “घरी जा, विचारून ये. आणि तुझ्या गावाचं पाणी कसं आहे, तिथे कोण येतं-जातं, तेही सांग. हा कागद नको आणूस.”

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, “नर्स आहेस ना तू? हात असा चितारून घेणार?” आईच्या पिढीने गोंदवून घेतलं नाही. आजीने तिला बोलावलं होतं तर ती माळ्यावर जाऊन लपली होती, शाळेत मुली हसतील म्हणून. तिला ठिपके तीन आठवत होते. मग मावशीला जोडून घेतलं. मावशी म्हणाली, पाच. दोघी त्यावरून वीस मिनिटं भांडल्या. जुना फोटो शोधला तर त्यात आजीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, एकही ठिपका दिसेना.

“आणि विंचू का गं?” मी विचारलं. माझी अपेक्षा होती की काहीतरी अर्थ निघेल. विषबाधा, नजर, काहीतरी.

“अगो, तिला येत होतं तेवढं काढलंन तिने,” मावशी म्हणाली. “शिमग्याला यायची ती बाई. तुळस आणि विंचू, दोनच यायचं तिला. आईला तिच्या काकूने मांडीत दाबून धरली होती. आठ-नऊ वर्षांची असेल. इतकी बोंबलली की पालखी नाचवणारे थांबले, असं काकू सांगायची. पुढे आईला काकूचं तोंड आठवायचं नाही, पण तिचा हात आठवायचा. असा, इथे धरलेला.”

हे सगळं मी जसंच्या तसं त्याला सांगितलं. ‘येत होतं तेवढं’वर तो खूप हसला. त्याला ते फार पटलं.

दुसऱ्या भेटीत आम्ही खाडीवर बोललो. खाडीत जाळी टाकतात, काठाला केवड्याची बनं आहेत आणि थंडीत चिखलात पक्षी उतरतात, हे सांगता सांगता मी फोनवर चिखल्याचा फोटो दाखवला. पाठीवर सोनेरी बुट्टे असलेला. त्याने फोन माझ्या हातातून घेतला. “हा तुली आहे!” त्याच्या गोष्टीत तांगालोआ देवाने तुलीला जमीन शोधायला खाली धाडलं. खाली नुसतं पाणी, बसायला जागाच नाही. मग देवाने त्याच्यासाठी वरून खडक टाकला. खरा पक्षी अलास्का-सैबेरियात अंडी घालतो आणि थंडी काढायला हजारो मैल खाली येतो. काही सामोआला, काही आपल्या कोकणच्या खाड्यांना. जात एकच. लहानपणी आम्ही त्याला दगड मारायचो, हे मी त्याला सांगितलं नाही.

तर असं ठरलं. कोपराजवळ जाळ्याची वीण. त्याखाली केवड्याच्या पानाची ओळ, कारण त्याच कुळातल्या झाडाची पानं सामोआत चटया विणायला वापरतात आणि ते पान त्यांच्या नक्षीत आधीपासून आहे. मग तुलीच्या पावलांची ओळ. माझी तुळस मात्र त्याने काढायला नकार दिला. “ती तुमची. ती मला येत नाही.”

“पावलं कुठल्या दिशेला?” त्याने विचारलं. “जातोय की येतोय?”

मी गप्प बसले. म्हणजे तोंड उघडलं होतं, पण त्यातून काही आलं नाही. तो म्हणाला, चहा पी, घाई नाही. अर्ध्या तासाने मी म्हटलं, बोटं कोपराकडे, जाळ्याकडे. येतोय. मी माझ्या हाताकडे पाहते तेव्हा पक्षी माझ्याकडे येतो. समोर बसलेल्याला तो त्याच्यापासून दूर जाताना दिसतो, हे नंतर लक्षात आलं.

प्रत्यक्ष दिवशी जमिनीवर चटई, चटईवर मी आडवी, हात उशीवर. माझ्यातली नर्स आधी उठून बसली. अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलीत का, हातमोजे बदलता का, शाईची वाटी नवी का, सगळं विचारून घेतलं. त्याने न कंटाळता दाखवलं. रानडुकराच्या सुळ्याचे दात बसवलेल्या जुन्या फण्या भिंतीवर पेटीत होत्या. हातात होती ती स्टीलच्या दातांची. या अवजाराला ‘आऊ’ म्हणतात. दांड्याच्या टोकाला आडवी फणी, कुदळीसारखी, आणि वरून दुसऱ्या काठीने ठोकायचं. दोन्ही बाजूंना दोन मदतनीस, एक बाई आणि एक पोरगा. त्यांचं काम कातडी ताणून धरायचं आणि रक्त-शाई पुसायचं. मी सवयीने पाय पसरले तर बाईने काही न बोलता माझ्या पायांवर कापड टाकलं. बसलेल्या माणसांकडे तळवे करायचे नसतात.

छापा वगैरे नाही. त्याने कातडीवर पेनने चार आडव्या रेघा मारल्या आणि सुरू केलं.

टक टक टक टक, थांबा, पुसणं. टक टक टक टक. मशीनने गोंदलेल्या मैत्रिणी ‘ओरखडल्यासारखं’ म्हणतात. हे तसं नव्हतं. प्रत्येक ठोका हाडापर्यंत ऐकू यायचा. कोपराच्या आतल्या बाजूला आल्यावर माझ्या तोंडून “आई गं!” निघालं. पोरगा चमकून म्हणाला, “आई? कोण? कोण?” आणि मग आम्ही सगळे इतके हसलो की कारागिराला आऊ बाजूला ठेवावी लागली.

माझं लक्ष दुसरीकडे वळवायला बाईने गोष्ट सांगितली. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदायची अवजारं घेऊन समुद्रातून पोहत निघाल्या. विसरू नये म्हणून गाणं म्हणत होत्या: बायकांना गोंदा, पुरुषांना नको. सामोआतल्या सवाई बेटाच्या टोकाला फालेआलुपो गावाजवळ त्यांना तळाशी मोठा शिंपला दिसला. बुडी मारली, वर आल्या, तोवर गाणं उलटं झालं होतं: पुरुषांना गोंदा, बायकांना नको. तेच पुढे चालू राहिलं. मला ही गोष्ट फार आवडली. एवढी मोठी परंपरा, आणि मुळाशी एक धांदल. तीही दोघी बहिणींची. मला ठिपक्यांवरून भांडणाऱ्या माझ्या घरच्या दोघी दिसत होत्या.

केवड्याची ओळ चालू असताना मी रडत होते, पण ते दुखण्यामुळे आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बाई माझी कातडी ताणून धरून बसली होती, अंगठा मनगटाच्या वर, बाकी बोटं खाली. असा, इथे. ती सांगत होती की पूर्वी गोंदताना गाणी म्हणत, त्यांत असायचं की गळ्यातली माळ तुटेल पण हे तुटणार नाही, हे थडग्यात बरोबर येईल. आजी अगदी हेच म्हणायची. मेल्यावर बाकीचं सगळं उतरवून घेतात, हे तेवढं अंगावरून निघत नाही. आईने फोनवर सांगितलं होतं की आजीच्या बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. मधल्या सुट्टीत बाईने घरून आणलेलं सापासुई, म्हणजे मांस घातलेलं शेवयांचं चायनीज, आणि मी नेलेल्या नारळाच्या वड्या आम्ही एका ताटातून खाल्ल्या. वड्या आधी संपल्या, याची नोंद असावी.

पान आणि पावलं यांच्यामध्ये त्याने दोन बोटांचा पट्टा कोरा सोडला होता. मला वाटलं, विसरला. तो म्हणाला, ही मोकळी जागा नाही, हा ‘वा’ आहे. दोन माणसांच्या, दोन गोष्टींच्या मधलं अंतर, त्यांना वेगळं करणारं नव्हे तर बांधून ठेवणारं. “इकडे तुझं गाव, तिकडे पक्षी. मध्ये बारा हजार किलोमीटर. ते मी काळं करून कसं भरू?” पापांच्या अंगावरच्या त्या कोऱ्या बारीक रेघा मला तेव्हा आठवल्या. मी तोवर नुसतं काळं बघत होते.

शेवटी मनगटाशी आलो. ठिपक्यांचं काय झालं, त्याने विचारलं. आई तीन म्हणते, मावशी पाच. त्याने सर्वांत लहान फणी घेतली, क्षणभर विचार केला. “तीन काढू,” म्हणाला. “दोघांची जागा ठेवू.” तसंच केलं. तीन ठिपके आणि पुढे दोन मावतील एवढी कातडी. आईला फोटो पाठवला तर तिने लिहिलं, ‘बघ, मी सांगितलं होतं.’ मावशीने लिहिलं, ‘दोन राहिले.’

सगळं मिळून सव्वातीन तास. त्या मानाने पेआला अनेक बैठका लागतात, दिवसच्या दिवस, आणि मध्ये सोडून दिलं तर त्या माणसाला ‘पेआ मुतू’, अर्धवट पेआवाला, हे नाव जन्मभर चिकटतं. मला निदान शब्द तरी चिकटणार नव्हता. पूर्ण झालेल्याच्या अंगाला समारंभात खोबरेल आणि हळद चोळतात, हे ऐकून आईला व्हिडिओवर इतका आनंद झाला की तिने लगेच हळद लाव म्हणून धोशा लावला. मी उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातली हळद लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. बिनवासाचा साबण, कोमट पाणी, बिनवासाचं मलम, दोन आठवडे पोहणं नाही, ऊन नाही. कामावर रजा टाकली, कारण उघडी जखम घेऊन म्हाताऱ्या माणसांना हात लावायचा नाही, हा माझाच नियम. चौथ्या दिवसापासून जी खाज सुटली तिचा उल्लेख कुठल्याच यादीत नव्हता. रात्री तळव्याने थापट्या मारत बसायचे. सातव्या-आठव्या दिवशी सालपटं निघाली आणि खालून रेघा वर आल्या, काळ्याभोर, मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड.

लोक विचारतात, याचा अर्थ काय. सुरुवातीला मी ओळीने सांगायची, जाळं, पान, पक्षी. आता मावशीपासून सुरू करते. ऐकणाऱ्याला वेळ असेल तर पालखी थांबल्यापर्यंत येते.

कामावर परत गेले त्या सकाळी पापा खिडकीशी खुर्चीत होते. मी रक्तदाबाचा पट्टा बांधायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने तुलीच्या पावलांवरून गेले, कोऱ्या पट्ट्यावर थांबले, मग परत खाली येऊन ठिपके चाचपले, एक, दोन, तीन, आणि त्यापुढची रिकामी कातडीसुद्धा.

“ओ आई?”

त्या दिवशी मी माझं नाव सांगितलं नाही. आजीचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर.